अनसिंग, आसेगाव, शिरपूर: नव्या ढोलकवाल्याबरोबरचा दौरा

ज्वारी पाखडून झाली होती आणि मी चुलीतली राख टोपल्यात भरत होते. शेळीला पाला टाकायचा राहिला होता, म्हणून ती दावं ओढून ओरडत होती. हंड्यात पाणी होतं, पण संध्याकाळपर्यंत पुरणारं नव्हतं. तेवढ्यात उखर्डा मास्तर ओट्यावर येऊन टेकले. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मास्तर टोपी काढून बसले की काहीतरी मोठं बोलायचं असतं, हे मला माहीत होतं.

"ढोलकवाला भेटला," ते म्हणाले.

मी राख भरतच राहिले.

"अनसिंग, मंग आसेगाव, मंग शिरपूर. तीन गावं कबूल करून आलो. येतं का नाई सांग."

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. तेव्हा वाशीम हा जिल्हा नव्हता, अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. आमचं खेडं वाशीमपासून पायी जाण्याच्या अंतरावर. मास्तरांची गायन पार्टी होती, बौद्ध वस्त्यांत आणि विहारांत गाणारी, आणि मी त्या पार्टीत गाणारी बाई. माझे मालक किसन पार्टीत ढोलक वाजवायचे. वर्षभरापूर्वी पावसाळ्यात त्यांना ताप आला आणि आठवड्याच्या आत ते गेले. तेव्हापासून पार्टी बंद होती.

माझ्या भावाने आधीच निरोप ठेवला होता, उन्हाळा संपायच्या आत माझ्याकडे येऊन राहा म्हणून. भाऊ चांगला आहे, भावजयही चांगली. पण तिथे गेले असते तर गाणं इथेच राहिलं असतं. त्यांच्या गावात पार्टी नव्हती, आणि बहिणीने गावोगाव फिरून गावं हे भावाला मनातून पटत नव्हतं. मी ठरवलं, हा एक दौरा करायचा. गाणं जमलं तर राहायचं, नाही जमलं तर भावाकडे जायचं. मास्तरांना एवढंच म्हटलं, "येतो."

आमची गाणी लांब असायची, हे आधी सांगते. इतर पार्ट्या चार कडव्यांत गाणं संपवत. आमचं एक गाणं दहा गाण्यांएवढं चाले. मधेच चाल मोडायची, ताल बदलायचा, हळू चाललेलं एकदम धावायला लागायचं, पुन्हा थांबायचं. ह्या वळणावर मला कोणी खूण करत नसे. ढोलकीचं जाड तोंड घुमलं की मी वर चढायची. डोळे मिटूनही चुकत नसे.

बसण्याची जागाही ठरलेली. सतरंजीवर मधे मी, माझ्या डाव्या हाताला ढोलक, उजव्या हाताला मास्तरांची पेटी, मागे पार्बता आणि बाकीचे कोरसवाले. आमच्या पार्टीचा नियमच होता की जागा मोडायची नाही. एखादा गेला तर नवा माणूस मिळेपर्यंत त्याची जागा रिकामी ठेवायची, आणि जो नवा येईल त्याने त्या जागेला हात लावून, कपाळाला लावून तिथेच बसायचं.

वाशीम ते अनसिंग

नवा ढोलकवाला वाशीमच्या बसथांब्यावर भेटला. सुदामभाऊ. वाशीमजवळच्या मळ्यातला माळी, चाळिशीचा, हातांत बैलाचं बळ. एका खांद्यावर ढोलक, दुसऱ्या हातात वांग्यांनी भरलेली पिशवी. त्याचा हात भजनी मंडळात तयार झालेला. माळ्याच्या माणसाने आमच्या पार्टीत येणं तेव्हा सोपं नव्हतं. त्याच्याकडचे त्याला हसत होते, आणि आमच्यातल्या काहींनाही ते खटकतच होतं.

"वांगे कायले आनले गा?" मास्तरांनी विचारलं.

"रिकाम्या हातानं कसं येऊ, मास्तर? वाडीत लागून राह्यले, तोडून आनले."

एस.टी.त चढताना कंडक्टरने अडवलं. पेटीचं लगेज लागेल म्हणाला. मास्तरांनी पेटी मांडीवर घेतली. मग त्याने ढोलकीकडे बोट दाखवलं.

"आन हे?"

पार्बता मागून म्हणाली, "लेकरू हाय ते, भाऊ. तीन वर्षाच्या आतलं. मारल्याबिगर बोलत नाई."

सगळी गाडी हसली. कंडक्टरही हसला आणि पुढे गेला. पार्बता माझ्याहून वयाने मोठी, कोरसात गायची. तिच्या तोंडाला कुलूप नव्हतं. दौऱ्यावर जाणार असाल तर असं एक माणूस बरोबर ठेवा, अर्धा प्रवास तिथेच सोपा होतो.

अनसिंगचा रस्ता तेव्हा गिट्टीचा. आता डांबरी आहे, पाऊण तासात पोचता. आम्हाला दुप्पट वेळ लागला आणि उतरलो तेव्हा सगळ्यांच्या भुवया एकाच रंगाच्या झाल्या होत्या. चैत्राचं ऊन. शेतं उघडी, तुरीचे खुंट तेवढे उभे. तुम्ही जाणार असाल तर हिवाळ्यात जा, तेव्हा ह्याच रस्त्याच्या दोन्ही बाजू हिरव्या असतात. पण गाण्याचे दिवस उन्हाळ्यातलेच, शेतातलं काम संपल्यावरचे.

विहाराजवळच्या घरी जेवणाची सोय होती. घरची म्हातारी भाकरी थापता थापता सुदामभाऊकडे बघत होती. शेवटी तिने विचारलंच.

"तुमी जेवसान ना बाप्पा आमच्या घरी?"

सुदामभाऊ हात धुऊन पंगतीत येऊन बसला. "मावशी, वांगे माह्या वाडीतले, भाकर तुमची. आता कोन कोनाच्या घरी जेवून राह्यलं, हे तुमीच सांगा."

म्हातारीने त्याला दोन भाकरी जास्त वाढल्या. ती वांग्याची भाजी मला अजून आठवते. शेंगदाण्याचं कूट, हिरवी मिरची, वरून कच्चं तेल. ह्या भागात कोणी ज्वारीच्या भाकरीबरोबर अशी भाजी वाढली तर नाही म्हणू नका.

दिवस मावळला, गॅसबत्ती लागली, वंदना झाली. सुदामभाऊने जागेला हात लावला, कपाळाला लावला आणि माझ्या डाव्या हाताला बसला. दोन लहान गाणी नीट गेली. मग लांब गाणं लागलं. पहिलं वळण आलं आणि मी चढले, तर ढोलक मागेच होती. मी थांबले, तेव्हा ती पुढे निघून गेली. पार्बताने मागून आवाज टाकून कसंबसं सांभाळलं. पुढे बसलेला एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "बाईले घरी जायाची घाई हाय काय?" त्याने हळू म्हटलं असेल, मला मात्र ते लाउडस्पीकरवर म्हटल्यासारखं ऐकू आलं.

अनसिंग ते आसेगाव

दुसऱ्या दिवशी परत वाशीम, तिथून मंगरूळपीरच्या गाडीने निघालो. शेवटचा तुकडा दमणीने केला. आसेगावच्या लोकांनी दोन बैलांची दमणी पाठवली होती. पेटी आणि बायका वर, पुरुष मागून पायी.

मास्तर चालता चालता बोलत होते. सुदामभाऊ ऐकण्याइतकाच जवळ होता.

"भजनी हात हाय. भजनाचा हात आपल्या गाण्याले कसा बसंन?"

सुदामभाऊने ढोलक दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग म्हणाला, "मास्तर, हात भजनाचा हाय हे खरं. पन देवळातली एक मात्रा आन विहारातली एक मात्रा, येगळी असते काय?"

मास्तरांनी चाल वाढवली. दमणीतून पार्बता म्हणाली, "बैल सारखे चालून राह्यले पाहा, एक इकडचा, एक तिकडचा. त्यायले कोनी सांगतलं नसंन."

आसेगाव शेतीचं गाव. आम्ही सुट्टी असलेल्या शाळेच्या व्हरांड्यात उतरलो. विहीर जवळ होती, सावलीला कडुनिंब होता, आणि गावकऱ्यांनी मातीचे दोन माठ भरून ठेवले होते. प्रवासात ह्यापेक्षा जास्त काय लागतं? संध्याकाळी जेवायला बेसन आणि भाकर, बरोबर कैरीची चटणी.

कार्यक्रम मात्र वाईट झाला. त्या लांब गाण्यात मी अडकले आणि पुढे गेलेच नाही. गाणं मधे तोडून मास्तरांनी दुसरं सुरू केलं. लोकांनी समजून घेतलं. कोणी टिंगल केली नाही, उलट एका बाईने उठून मला पाणी आणून दिलं. माझ्या नशिबाची गोष्ट गावाला कळली होती. ते पाणी पिताना मला वाटलं, आता लोक गाणं ऐकायला नाही, माझ्यावर दया करायला बसले आहेत.

झोपायच्या आधी मास्तरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "शिरपूर करू. शिरपूरलेही नाई जमलं, तर पार्टी बंद."

"मले उद्याच जाऊ द्या," सुदामभाऊ म्हणाला. "माह्यापायी बाईचं गानं बुडून राह्यलं."

 मला त्याचा हात चुकीचा वाटतच नव्हता. माझाच कान गेला, असं वाटत होतं. माणूस गेलं की त्याच्याबरोबर आपल्यातलंही काही जातं, ते मला माहीत झालं होतं. गाणंही त्यातच गेलं असेल. भावाकडे जायचं, असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं.

विहिरीवर

सकाळी मी विहिरीवर भांडी घासायला बसले. सुदामभाऊ विहिरीच्या कट्ट्यावर ढोलक घेऊन बसला होता. त्याचं जाणं मास्तरांनी थांबवलं होतं, शिरपूरला शब्द दिला आहे म्हणून. तो आपल्यासाठीच वाजवत होता, तेच लांब गाणं, वळणाचा भाग. मी त्याच्या एका बाजूला, पाठ अर्धी वळवून, राखेने तवा घासत होते. हात चालू असले की माझं तोंडही चालू होतं. मी गुणगुणत होते.

वळण आलं. ढोलक घुमली आणि मी चढले.

बरोबर. अगदी जागच्या जागी.

माझा हात तव्यावर थांबला. तो पुन्हा तिथून वाजवत आला. मी पुन्हा गुणगुणले. पुन्हा बरोबर. मग तवा धुवायला मी पोहऱ्याकडे, कट्ट्याच्या दुसऱ्या बाजूला गेले. तिथूनही गुणगुणत होते. तिथे गडबडले. ढोलकीचा बारीक आवाज कानात टकटक करत होता आणि घुमणारा आवाज लांब, पलीकडे कुठेतरी.

मी परत पहिल्या जागी आले. जमलं. दुसऱ्या बाजूला गेले. नाही जमलं.

पार्बता घागर घेऊन आली होती. ती बघतच राहिली. "काय वं, सकाळी सकाळी फुगडी मांडली काय विहिरीवर?"

मी सुदामभाऊला विचारलं, "भाऊ, जाड तोंड तुमच्या कोन्या हाताले हाय?"

"डाव्या. सगळ्यायचं डाव्याच हाताले असते, बाई."

सगळ्यांचं असतं. आमच्या मालकांचं नव्हतं. ते डावखुरे होते.

जी गोष्ट माझ्याइतकी कोणालाच माहीत नव्हती, ती माझ्याच लक्षात आली नव्हती. लग्न होऊन मी आले तेव्हा सासू त्यांना डाव्या हाताने जेवू देत नसे. कोणाच्या घरी पंगतीत त्यांचं कोपर शेजाऱ्याच्या कोपराला लागायचं. विळा ते उलट्या बाजूने ओढायचे, म्हणून कापणीला त्यांना ओळीच्या शेवटी ठेवत. मी हे सगळं रोज बघितलं होतं. ढोलकही ते उलटी धरायचे, जाड तोंड उजव्या हाताला. ते माझ्या डावीकडे बसत, म्हणून ते जाड तोंड थेट माझ्या कानाशी यायचं. मास्तरांनी त्यांना तिथे बसवलं होतं ते त्यासाठीच असणार, पण ते बसवणं इतकं जुनं झालं होतं की त्याचं कारण सगळे विसरले आणि जागा तेवढी राहिली. त्या जागेवर आम्ही मानाने उजव्या हाताचा माणूस बसवला, आणि मग भजनाला दोष दिला.

पार्बताने घागर खाली ठेवली. "म्हंजे दोन गावं आपन सुदामभाऊले उगाच बोललो?"

"बोललो," मी म्हटलं.

सुदामभाऊ हसला नाही, रागावलाही नाही. त्याने ढोलकीवरून हात फिरवला. "मले सांगाले पायजे होतं कोनी, थे डावखुरे होते म्हनून. मी वाट पाहून राह्यलो होतो का बाई माह्याकडं एकदा तरी पाहीन."

आसेगाव ते शिरपूर

पुढचा अडथळा मास्तरांचा होता. ढोलक माझ्या उजवीकडे आणायची तर पेटी डावीकडे जायला हवी. म्हणजे मास्तरांनी किसनच्या जागेवर बसायचं. गाडीत मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ते ऐकलं, त्यांना पटलंही. तरी मान हलवली.

"नाई वं. माह्यानं नाई होनार. म्या त्याले शिकवलं. त्याच्या जागेवर मी बसू?"

"मास्तर, कोनी तरी बसनारच तिथं."

"जागा मोडायची नाई हा नियम माहाच हाय."

"मंग माहं गानं मोडू द्या."

ते खिडकीतून बाहेर बघायला लागले. वाशीमला गाडी बदलली, मालेगावकडचा रस्ता लागला, तरी त्यांचं तोंड खिडकीकडेच होतं. त्यांचं वय तेव्हा सत्तरीला आलं होतं आणि त्यांना मूलबाळ नव्हतं. किसन त्यांच्याकडे ढोलक शिकायला आले तेव्हा लहान होते. मला वाटत होतं की ती जागा माझी एकटीची आहे. तशी ती नव्हती.

शिरपूरला उतरलात तर आधी जुनं जैन मंदिर बघा. लांबून लांबून यात्रेकरू येतात. त्यांच्यामुळे गावात खाण्यापिण्याची आणि मुक्कामाची सोय चांगली आहे, तेव्हाही होती. आम्ही स्टँडजवळ कांद्याची भजी आणि चहा घेतला. सुदामभाऊने मिरची तोंडात टाकून सांगितलं की ही मिरची त्याच्या वाडीतल्या मिरचीपुढे पाणी आहे. भजीवाल्याने ते ऐकलं आणि त्याला तळलेल्या चार मिरच्या फुकट दिल्या. "आता बोल," म्हणाला. सुदामभाऊच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण बोलला नाही.

कार्यक्रम उन्हं उतरल्यावर होता, अजून उजेड होता. वस्तीतल्या बायका पोरं घेऊन पुढे बसल्या होत्या. सतरंजी अंथरली गेली. मी मधे बसले. मास्तर पेटी धरून उभे होते. उजवीकडे जाईनात, डावीकडेही जाईनात. लोक बघायला लागले.

"बसा ना मास्तर," पार्बता मागून म्हणाली. "का उभ्यानं वाजवता?"

मास्तर डावीकडे आले. पेटी खाली ठेवली. त्यांनी जागेला हात लावला, कपाळाला लावला आणि खाली बसले. आपल्याच शिष्याच्या जागेला त्यांनी हात लावला तेव्हा मी समोर बघत राहिले, कारण त्यांच्याकडे बघितलं असतं तर मला गाता आलं नसतं.

सुदामभाऊ माझ्या उजव्या हाताला बसला.

लहान गाणी झाली. लांब गाणं लागलं. पहिलं वळण जवळ आलं तसे मी डोळे मिटले. मग ढोलक घुमली, माझ्या उजव्या कानाशी, जवळ, भरलेली, आणि माझा आवाज आपोआप वर गेला. दुसरं वळण. तिसरं. हळूचं जलद झालं, जलदचं थांबलं. सुदामभाऊचा हात किसनच्या हातासारखा नव्हता. तो थोडा जड पडायचा आणि उचलायला क्षणभर जास्त घ्यायचा. तेवढ्या क्षणात मला श्वास मिळत होता, जो आधी मिळत नसे. पुढच्या कडव्यांत मी तो श्वास घेऊन गायले आणि गाणं आधीपेक्षा लांब ओढलं. मास्तरांनी पेटीवरून वर बघितलं. मी त्यांना न विचारता एक कडवं जास्त घेतलं होतं.

सवयीने एकदा मी डावीकडे बघितलं. तिथे मास्तरांची पांढरी मिशी होती. मला हसू आलं आणि रडूही आलं, पण गाणं तुटलं नाही.

एका बाईने नंतर येऊन माझा हात धरला. नशिबाबद्दल काही बोलली नाही. "थे धावते ना गानं, थे पुन्हा म्हना," एवढंच म्हणाली. आम्ही पुन्हा म्हटलं.

घरी

सकाळच्या गाडीने निघालो. सुदामभाऊ वाशीमला उतरला. मळ्यात पाणी द्यायचं होतं. उतरताना मास्तरांना म्हणाला, "फुडचा कार्यक्रम कोठी हाय ते सांगजा. मी माह्या जागेवर येतो." मास्तर म्हणाले, "उजवीकडं." बस, एवढंच.

हे तीन गावांचं अंतर आता कोणीही मोटारसायकलवर एका दिवसात करेल. करा. उन्हाळ्यात गेलात तर पाण्याची बाटली आणि डोक्याला पांढरा रुमाल घ्या. गावात कोणी जेवायला बोलावलं तर बसा. वाटेत कुठे गायन पार्टी ऐकायला मिळाली, तर पुढे बसा, आणि ढोलकवाल्याचं जाड तोंड कोणाच्या कानाशी आहे ते बघा.

त्या दौऱ्यातून माझ्याजवळ काय राहिलं, हे मी पुष्कळदा तपासून बघितलं आहे. मी शाळेत गेले नाही. किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत अक्षरं शिकले, पुढे मिळेल ते पुस्तक वाचलं. दुःखावर लिहिलेलंही बरंच वाचलं. त्यात म्हटलं असतं की दुःख कमी होतं. माझं झालं नाही. त्याची बाजू ठरली आणि दुसऱ्या बाजूने मला ऐकू यायला लागलं.

घरी पोचले तर भाऊ ओट्यावर बसून होता, मला घेऊन जायला आलेला. मी त्याला जेवू घातलं आणि सांगितलं की मी येत नाही, गाणं जमलं. त्याने ताटातच हात धुतला. मग म्हणाला, "आमच्या गावाले गानं म्हनाले कवा येसान?" मी म्हटलं, "बोलावलं का येऊ." उन्हं कलल्यावर तो गेला.

दुसऱ्या दिवशी मी वाशीमच्या बाजारात गेले आणि जाड तळव्याची नवी चप्पल घेतली.